पंपघरातला बिझीबॉक्स

संगीताविषयी लिहा असं मला कुणी सांगितलेलं नाही. तिला कळलं तर ती उलट म्हणेल, "सर, तुमाले घरी काई काम नाई का?" नाही, खरंच नाही. आयटीआयमधली नोकरी संपून सहा वर्षं झाली. सकाळचा पेपर वाचून झाला की मी उमरखेडच्या बसस्टँडमागं तिच्या दुकानात जाऊन बसतो. दहा बाय बाराची खोली, एक लांब टेबल आणि टेबलावर पोट उघडून ठेवलेले राउटर, सेटटॉप बॉक्स, पंपाचे कंट्रोलर. नवं गिऱ्हाईक आलं की ती माझ्याकडे बोट करून सांगते, "हे आमचे सर. यायनंच मले शिकवलं." ऐकून ऊर भरून येतो आणि त्याच वेळी मान खाली घालावीशी वाटते. ऊर का भरतो ते सांगायला नको. मान का खाली जाते ते सांगायला हे लिहितो आहे.

संगीता पुसदकडच्या एका तांड्यातली, धरमसिंग आडे यांची मुलगी. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी आणि चिडली की हिंदी. आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात सव्वीस मुलं होती आणि मुलगी ही एकटीच. पहिल्या दिवशी ती दारात दिसली तेव्हा मी तिला सांगितलं होतं, की शिवणकामाचा वर्ग पलीकडच्या इमारतीत आहे. तिनं ते नीट ऐकून घेतलं आणि पहिल्या बाकावर येऊन बसली. दोन वर्षांत तिचं सोल्डरिंग इतकं साफ झालं की परीक्षेला बाहेरून आलेल्या साहेबांनी विचारलं, हे सरांनी करून दिलं का? मी 'हो' म्हणालो नाही, पण 'नाही' म्हणायलाही थोडा उशीरच केला. माणूस आहे.

मग तिचं लग्न झालं. नवरा शाम, शेती करणारा, अबोल, भला पोरगा. उमरखेडपासून बारा किलोमीटरवर टेकडीवर त्यांचा तांडा. सासरे नेमसिंग हे तांड्याचे नायक, म्हणजे तिथला शेवटचा शब्द त्यांचा. त्या घरचा जुना रिवाज असा, की सुनेनं सासऱ्याशी सरळ बोलायचं नाही. काही सांगायचं झालं तर ते सासूला, भुरीबाईला सांगायचं, आणि सासरा तिथंच बसलेला असला तरी भुरीबाईनं ते त्याला पुन्हा सांगायचं. नेमसिंग काही कडक माणूस नव्हेत. पण रिवाज तो रिवाज, आणि संगीतालाही त्यात काही गैरसोय वाटत नसे. ती म्हणायची, "एक गोष्ट दोन डाव सांगतली का घरात पक्की होते."

ओसरीतल्या बाजेवर तिनं दुरुस्तीचं काम सुरू केलं. आधी फवारणीच्या पंपांचे चार्जर, मग सेटटॉप बॉक्स, मग राउटर. एक दिवस तिचा फोन आला. म्हणाली, "सर, राउटरच्या आत चार टाचण्या रायतात. त्याले तार जोडून लॅपटॉपवर पाह्यलं तर आत पूरा कॉम्प्युटर हाय." मी म्हटलं, असू दे. मी पंखे, मोटारी आणि ट्रान्झिस्टरचा माणूस. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसली की माझं डोकं दुखतं. पण हे मी तिला कबूल केलं नाही. मी म्हटलं, "बरोबर, असतोच."

त्या काळ्या पडद्याच्या मागं बिझीबॉक्स नावाची वस्तू असते, हे तिनं पुढं एक ठेच खाल्ल्यावर स्वतः शोधून काढलं आणि नंतर मला शिकवलं. मला समजलं ते असं. मोठ्या कॉम्प्युटरवर फायलींची यादी दाखवायला एक हत्यार, नक्कल काढायला दुसरं, पुसायला तिसरं, शोधायला चौथं, अशी शेकड्यांनी हत्यारं असतात. ती सगळी राउटरच्या एवढ्याशा चिपमध्ये मावायची नाहीत. म्हणून जगातल्या काही मोठ्या मनाच्या लोकांनी ती सगळी आटवून एका छोट्या फाईलीत बसवली आणि कशी बनवली तेही उघड करून ठेवलं. कुणीही घ्यावी, वापरावी, बदलावी. राउटरात तीच, टीव्हीच्या डब्यात तीच, कंट्रोलरमध्येही तीच. बनवणारी कंपनी बुडाली तरी आतली ही वस्तू कुणाच्या बापाची नसते, सगळ्यांची असते. संगीताला यातलं हेच फार आवडलं.

आता तांड्याच्या टाकीची गोष्ट. विहीर टेकडीच्या पायथ्याशी, टाकी वर. पंपघरात एक कंट्रोलर बसवलेला होता. लाईन, म्हणजे वीज, आली आणि टाकी रिकामी असली की तो आपोआप मोटर चालू करायचा. बसवणारी कंपनी दोन वर्षांत दुकान गुंडाळून गेली, पण डबा चालत राहिला. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तो अडखळायला लागला. एक दिवस चालायचा, तीन दिवस नाही. खाली उतरून हातानं स्टार्टर दाबावा तर त्याचीही तार डब्याच्या पोटातून गेलेली. बायका डोक्यावर हंडे घेऊन चिखलातून टेकडी चढायला लागल्या. रुपीबाई नावाच्या एका म्हातारीचा पाय घसरून मनगट मोडलं. आणि तीज चार दिवसांवर आलेली. तीजेला तांड्याच्या लेकी माहेरी येतात, घराघरात दहा-दहा पाहुणे. पाण्यावाचून कसं व्हायचं?

नसाब बसली. नसाब म्हणजे तांड्याची बैठक. रूपसिंग म्हणून एक जण आहेत, कोणत्याही नव्या वस्तूवर त्यांचा पहिल्यापासून राग. ते म्हणाले, डबा काढून नाल्यात फेका आणि नागपूरहून माणूस आणून जुन्यासारखं करून घ्या. नेमसिंग म्हणाले, "माही सून पाह्यते."

हे बोलायला एक कारण होतं. संगीतानं त्याच महिन्यात उमरखेडला दुकान टाकायची परवानगी मागितली होती, अर्थात भुरीबाईमार्फत. नेमसिंगांनी भुरीबाईमार्फतच उत्तर दिलं, की तीजेपर्यंत डब्यानं टाकी भरली तर दुकान. नाही भरली तर दुकानाचं नाव पुन्हा काढायचं नाही. संगीतानं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज एकदम हलका होता. म्हणाली, "सर, होते. काई कठीण नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तिचा फोन आला. मी दाढी करत होतो, अर्ध्या गालाला साबण. ती पंपघरातून बोलत होती. डब्याची चिप गच्च भरली आहे, नवीन काही लिहायला जागा नाही, म्हणून तो अडकतो, एवढं तिला कळलं होतं. काहीतरी काढायला हवं.

"सर, इथं एका खणात शंभराच्या वर फायली हायत. साऱ्या पिटुकल्या, सात-सात अक्षरायच्या. आन् एकच फाईल लय मोठी हाय, मेगाबाईटच्या जवळ. काय करू?"

मी काय म्हणायला हवं होतं? 'मला माहीत नाही' एवढं म्हणायला हवं होतं. तीन शब्द. पण तीस वर्षं खुर्चीवर बसून ज्यानं उत्तरं दिली त्याच्या तोंडून ते तीन शब्द निघत नाहीत. मी म्हटलं, "कंपनीचा कचरा असेल. मोठी ती उडव."

"पन सर, प्रत्येक पिटुकल्या फाईलीसमोर एक बाण हाय, आन् बाणासमोर त्या मोठ्या फाईलीचंच नाव लिवलेलं हाय."

"बाण-बिण राहू दे," मी म्हटलं, "तू उडव." आणि दुसऱ्या गालाकडे वळलो.

ती मोठी फाईल म्हणजेच बिझीबॉक्स. बाकीच्या शंभर फायली ही हत्यारं नव्हतीच, नुसती नावं होती, आत busybox ही सात इंग्रजी अक्षरं तेवढी. पोस्टमन तांड्यात कुणाच्याही नावाचं पत्र आणो, तो ते नायकाच्या घरी टाकतो, तसं तिथं कुठल्याही हत्याराचं नाव घेतलं की काम त्या एका फाईलीकडे जायचं. मी नायकाचं घरच पाडायला लावलं होतं.

पाच मिनिटांत पुन्हा फोन. आता तिचा आवाज हलका नव्हता. "सर, काईच चालून नाई राह्यलं. यादी दाखव म्हटलं तर म्हंते सापडत नाई. नक्कल काढ म्हटलं तरी सापडत नाई. सारी हत्यारं गेली."

मी दुसरा सल्लाही लगेच दिला. "बंद करून चालू कर." हा सल्ला मी पंख्यापासून टीव्हीपर्यंत सगळ्यांना दिलेला आहे.

"नाई सर," ती म्हणाली. माझं म्हणणं तिनं तोंडावर मोडल्याची ही पहिली वेळ. "पडद्यावर ते अजून उभं हाय. फाईल गेली, पन जे आधीपासून चालून राह्यलं ते मेलं नाई. आता बंद झालं तर पुन्हा उठनार नाई."

मी स्कूटर काढली. वाटेत दोन वेळा घसरलो, ते जाऊ द्या.

मी पोचेपर्यंत काय झालं ते मला नंतर कळलं. डबा विजेवर चालत होता आणि आमच्याकडची लाईन कधी जाईल याचा काही नेम नाही. ती गेली की डबा बंद, आणि डबा बंद की सगळं संपलं. संगीता पंपघराच्या दारात आली. नेमसिंग बाहेर दगडावर बसले होते, भुरीबाई शेजारी. संगीतानं भुरीबाईकडे पाहिलंसुद्धा नाही. सासऱ्याला सरळ म्हणाली, "बॅटरी पाह्यजे. आत्ताच. माह्या हातून डबा मरून राह्यला."

भुरीबाई सवयीनं नवऱ्याला म्हणाली, "थे म्हंते का बॅटरी पाह्यजे." तोवर नेमसिंग उठून टेकडीच्या अर्ध्यावर गेले होते.

आठ दिवसांच्या झडीनंतर त्या सकाळी उघाड पडली होती. सोयाबीनवर अळी, आणि पाठीवर पंप घेऊन सगळा तांडा फवारणीला निघालेला. शेतकऱ्याला अशा दिवसाची किंमत विचारा. नेमसिंगांनी त्यांना वाटेतच थांबवलं आणि पंपांतल्या बॅटऱ्या काढून मागितल्या. एक पुरली असती. सहा आल्या, त्यातली एक रूपसिंगांची, शिव्यांसकट. संगीतानं अडॅप्टरकडून डब्याकडे जाणारी बारा व्होल्टची तार लाईन चालू असतानाच सोलली आणि बॅटरीची टोकं तिच्यावर पिळली. मी शिकवताना असं कुणी केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

मी पोचलो तेव्हा ती मांडीवर लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसली होती. शांत होती. मला म्हणाली, "सर, एक गोष्ट राह्यली हाय. तो अजून बोलते. मी जे लिवीन ते तो परत लिवते, आन् फाईलीतबी लिवते."

एवढंच शिल्लक होतं. सांगितलेलं लिहून घेणं. मग तिनं ठरवलं, की अख्खा बिझीबॉक्स त्याला तोंडी सांगायचा. बिझीबॉक्स सगळ्यांचा असल्यामुळं तो इंटरनेटवर असाच ठेवलेला असतो, प्रत्येक जातीच्या चिपसाठी वेगळा. पंपघरात फोन लागतो पण इंटरनेट चालत नाही, म्हणून शाम मोबाईल घेऊन टाकीवर चढला, फाईल उतरवली आणि धावत खाली आला. लॅपटॉपनं एक ओळ सांगायची, डब्यानं ती लिहून घेऊन 'हं' म्हणायचं, मग पुढची ओळ. अशा हजारो ओळी. एक अक्षर चुकलं तरी सगळं वाया. आणखी एक अडचण होती, की नव्या फाईलीला चालायची परवानगी लागते आणि परवानगी देणारं हत्यारही गेलेलं. त्यावर तिनं काय शक्कल काढली ते मला अजून पुरतं कळलेलं नाही. कंपनीचा एक बिनकामाचा जाडा प्रोग्रॅम आत पडून होता, त्याला परवानगी आधीच होती. त्याच्या जागी तिनं एक चिमुकला प्रोग्रॅम लिहवून घेतला, ज्याचं काम एकच, दुसऱ्याला परवानगी देणं. त्यानं जागाही झाली.

बारा वाजता सुरू झालं. एक वाजून दहा मिनिटांनी लाईन गेली. पंपघरातला बल्ब विझला आणि सगळ्यांनी डब्याकडे पाहिलं. डब्यावरचा हिरवा दिवा तसाच राहिला. रूपसिंग म्हणाले, "माह्यीच बॅटरी दमदार हाय." ती त्यांची नव्हती, पण कुणी वाद घातला नाही.

दर थोड्या वेळानं नेमसिंग दारातून विचारायचे, "किती झालं?" आणि संगीता सरळ त्यांनाच सांगायची, पाव झालं, अर्धं झालं. भुरीबाईला काम उरलं नाही, तिनं सगळ्यांना चहा केला. मी काय केलं? मी लॅपटॉपवर दारातून ऊन येऊ नये म्हणून छत्री धरून बसलो. तीन तास. हात दुखून आला, पण हलवला नाही. मला त्या वेळी खरंच भीती वाटत होती. दुकान तिचं जाणार होतं आणि घालवणारा मी होतो.

साडेतीनला शेवटची ओळ गेली. संगीतानं परवानगी दिली, मग यादी दाखवायचं नाव टाईप केलं. पडद्यावर सगळी नावं भराभर उतरली. ती रडली नाही, हसलीही नाही. लगेच खरा दोषी शोधायला लागली. तो दहा मिनिटांत सापडला. कंट्रोलर दर मिनिटाला एका वहीत 'मी ठीक आहे' असं लिहीत होता, इतक्या वर्षांपासून, आणि ती वही कुणी कधी पुसलीच नव्हती. तिनं वही पुसली आणि यापुढं ठराविक पानांवर गेली की आपोआप कापली जाईल अशी सोय केली. पाचला लाईन आली. डब्यानं कुणाला न विचारता मोटर चालू केली. थोड्या वेळानं वरून भुरीबाईची हाक ऐकू आली, "पाणी आयो!"

दिवे लागायच्या आत सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर नसाब बसली. मला खुर्ची दिली. उमरखेडहून सर पोरीच्या मदतीला धावत आले म्हणून मला शाल आणि नारळ दिला, टाळ्या वाजल्या. मी शाल घेतली.

मग रूपसिंग उठले. त्यांचा प्रश्न रास्त होता. "सकाळपर्यंत डबा अर्धा तरी जित्ता होता. आज पूरा मेला कसा?"

लाईनचं नाव सांगून चाललं असतं. पळालेल्या कंपनीचं सांगितलं असतं तरी चाललं असतं. कुणाला काय कळणार होतं? संगीता उभी राहिली. "माही चूक झाली. उडवाची नाई ते फाईल म्या उडवली."

"कोनी सांगतलं होतं का तसं कराले?"

"नाई. म्याच केलं."

मी खुर्चीवर बसलेला, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. मी नारळाची शेंडी नीट करत बसलो. रूपसिंग काहीतरी बोलायला लागले, तेवढ्यात नेमसिंग म्हणाले, "तीज झाली का उमरखेडले खोली पाहून येजो." हे त्यांनी सुनेला सरळ सांगितलं. नसाब उठली.

दुकान चांगलं चाललं आहे. पार लांब मुकुटबनपासून लोक डबे घेऊन येतात. कुठलीही वस्तू उघडण्याआधी ती आतल्या सगळ्याची नक्कल काढून ठेवते. तीजही त्या वर्षी दणक्यात झाली, लेकीबाळींनी टाकी रोज रिकामी केली आणि डब्यानं रोज भरली. मी मात्र ती शाल कधी पांघरली नाही. बायको विचारते, मी म्हणतो टोचते.

गेल्या महिन्यात नेमसिंग दवाखान्याच्या कामानं उमरखेडला आले होते. संगीता बाहेर चहा सांगायला गेली होती. दुकानात आम्ही दोघंच. मी अचानक बोलून गेलो, "नायक, त्या दिवशी ती फाईल उडवायला मी सांगितलं होतं."

"मालूम हाय," ते म्हणाले. "तिचे हात गुतले होते, फोन स्पीकरवर होता. म्या दगडावरच बसलो होतो."

"मग नसाबीत बोलला का नाहीत?"

"कायले? तिनं तुमचं नाव घेतलं नाई, मंग म्या कोन घेनारा." मग म्हणाले, "तुमाले वाट्टे डबा चालू झाला म्हून दुकान देल्लं. डबा उद्या बी बंद पडन. रूपसिंगनं दोन डाव विचारलं आन् दोन डाव तिनं आपल्यावर घेतलं, ते पाहून देल्लं. अशी बाई कुठंबी बसली तरी माहं नाव खराब कराची नाई."

संगीता तीन ग्लास घेऊन आत आली. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं म्हणालो, जे नसाबीत म्हणायचं राहिलं होतं. तिनं ऐकून घेतलं, पहिल्या दिवशी शिवणकामाचं ऐकून घेतलं होतं तसंच. "सर, तुमी बारा किलोमीटरवर दाढी करून राह्यले होते," ती म्हणाली. "पडदा माह्यासमोर होता आन् बटन म्या दाबलं. तुमचं नाव कायले घेऊ? मंग ते खोटं झालं असतं." आणि तिनं माझ्या हातात चहा दिला.

मी चहा प्यायलो. घरी जाऊन शाल धुवायला टाकली.